संधान आणि सडवा : वर्धा जिल्ह्यातील घरगुती आसवांचा इतिहास

मराठीत आजारी माणसाची 'दवादारू' केली जाते. हा जोडशब्द आपल्याकडे फार्सीच्या वाटेने आला आणि त्यातील दोन्ही पदांचा अर्थ एकच आहे : औषध. पुढे 'दारू' हे पद एकटे वापरले जाऊ लागले, तेव्हा त्याचा एक अर्थ मद्याकडे गेला, दुसरा तोफखान्याकडे. जोडशब्दात मात्र जुना अर्थ शाबूत राहिला. 'त्याच्या दवादारूला पैसे नव्हते' असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात गुत्ता नसतो, वैद्य असतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून संपूर्ण दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यातही हा शब्द रोज उच्चारला जातो, आणि त्यात कोणाला काही विसंगत वाटत नाही.

आम्हांला या शब्दाकडे पुन्हा पाहावेसे वाटले त्याला कारण एक मडके आहे. आमच्यापैकी एकीच्या आजोळी, आर्वी तालुक्यातील एका खेड्यात, दर हिवाळ्यात कोरफडीचे आसव घातले जाई. मडक्याचे तोंड कापडमातीने बंद करून ते ज्वारीच्या कणगीत पुरले जाई आणि महिन्याभराने आजी ते स्वतःच्या हाताने उघडी. गाळलेले आसव बाटल्यांत भरून ज्या फडताळात ठेवले जाई त्याची किल्ली तिच्या कमरेला असे. सुनेला, लेकीला, शेजारच्या बाळंतिणीला दोन चमचे मिळत. आजोबांनी मागितले तरी मिळत नसे. गावात दारूची भट्टी कोठे लागते हे सर्वांना माहीत होते आणि आजी त्या भट्टीला शिव्या देई. भट्टीवाल्याच्या आणि तिच्या मडक्यात जे घडत होते ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच होते, हे तिला ठाऊक असावे का? आम्हांला वाटते, नक्की ठाऊक होते. म्हणूनच तर किल्ली होती.

प्रस्तुत लेखात आम्हांला या मडक्याचा इतिहास मांडायचा आहे. औषध कोठे संपते आणि मद्य कोठे सुरू होते, ही सीमा शास्त्रकारांनी, अबकारी खात्याने, राष्ट्रीय चळवळीने आणि न्यायालयाने आपापल्या परीने आखून पाहिली. वर्धा जिल्ह्यात हे सर्व प्रयत्न एकमेकांवर येऊन पडले, म्हणून तो येथे अधिक स्पष्ट दिसतो.

आधी शब्दांचा थोडा विचार करू. 'टिंक्चर' हा शब्द लॅटिनमधील रंगविणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. वनस्पती मद्यार्कात भिजत घातली की द्रव तिचा रंग घेतो. वनस्पतीचा गुण द्रवात उतरल्याची ती खूण मानली गेली. मराठी घरांत हा शब्द 'टिंचर' होऊन आला, पण पिण्याच्या औषधाचे नाव म्हणून तो रुजला नाही. आपल्याकडे टिंचर 'लावतात'. गुडघा फुटला की लावायचे तपकिरी, झोंबणारे आयोडीन, एवढाच त्याचा अर्थ उरला. 'अर्क' हा शब्द अरबीतून आला आणि तेथे त्याचा मूळ अर्थ घाम असा आहे : तापलेल्या भांड्याच्या झाकणाला धरलेले थेंब. ऊर्ध्वपातनाने औषधे काढण्याची रीत सांगणारा 'अर्कप्रकाश' हा संस्कृत ग्रंथ रावणाच्या नावावर असला तरी बराच अर्वाचीन मानला जातो. मराठीने मात्र हा शब्द माणसांनाही लावला. एखाद्या खट्याळ किंवा बेरकी माणसाला आपण 'अगदी अर्क आहे' म्हणतो. 'अल्कोहोल' हाही अरबीच. मुळात तो डोळ्यांत घालायच्या सुरम्याचा शब्द, पुढे कोणत्याही पदार्थाच्या सूक्ष्म साराचा, आणि शेवटी द्राक्षमद्याच्या साराचा. परिभाषाकारांनी त्याला 'मद्यार्क' हा प्रतिशब्द दिला.

या शब्दांमध्ये सर्वांत बोलका शब्द 'बाळंतकाढा' आहे. काढा म्हणजे पाण्यात उकळून आटविलेले औषध. तो त्याच दिवशी घ्यायचा, दुसऱ्या दिवशी तो विटतो. परंतु दुकानातून बाटलीत येणारा बाळंतकाढा महिनोन्महिने टिकतो. त्यांपैकी काहींच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत 'स्वयंनिर्मित मद्यार्क' असा उल्लेख सापडतो. शास्त्राच्या भाषेत असे औषध अरिष्ट ठरते, काढा नव्हे. पण 'बाळंतिणीला अरिष्ट दिले' असे कोण म्हणेल? मराठीत अरिष्ट म्हणजे संकट. शिवाय 'काढा' म्हटले की त्यात मद्याचा वास कोणालाच येत नाही. नाव बदलून वस्तू निर्धोक करण्याची ही रीत आपल्या भाषेने कायद्याच्या आधी शोधून काढली होती.

आता मडक्याकडे येऊ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात आसवांचे चौऱ्यांशी प्रकार मोजले आहेत. धान्य, फळ, मूळ, सार, फूल, कांड, पान, साल आणि साखर अशा नऊ योनींप्रमाणे ही मोजणी केली आहे. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययाचा, म्हणजे मद्यपानातून होणाऱ्या विकारांचा, स्वतंत्र अध्याय आहे. तेथील भूमिका आजच्या वाचकालाही विचार करायला लावणारी आहे. मद्य हे स्वभावतः अन्नासारखेच आहे. विधीने, मात्रेने, योग्य काळी घेतले तर ते हितकर, अन्यथा ते विषासमान. म्हणजे शास्त्रकारांनी सीमा वस्तूत आखली नाही. ती त्यांनी मात्रेत आणि प्रसंगात आखली.

पुढे तेराव्या-चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरसंहितेने कृती सुटसुटीत केली. औषधी न उकळता, कच्च्या रसात किंवा पाण्यात घालून आंबविले तर आसव; आधी काढा करून मग आंबविले तर अरिष्ट. या आंबविण्याला शास्त्राने 'संधान' असे नाव दिले. संधान म्हणजे जोडणे, सांधणे. प्रमाण सांगितलेले नसेल तेथे द्रोणभर द्रवाला शंभर पल गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि गुळाच्या दहावा हिस्सा प्रक्षेप, म्हणजे वरून घालायची चूर्णे, असा सर्वसाधारण नियम आहे. घरगुती कृतीत मध बहुधा वगळला जाई, पण गुळाचे प्रमाण सैल होऊन चालत नसे. गूळ कमी पडला तर आसव आंबट होऊन शुक्त, म्हणजे शिरका बनते. फार झाला तर आंबण्याची क्रिया मंदावते.

या कृतीतील खरा कारागीर धायटीचे फूल आहे. धायटी हे खडकाळ उतारांवर वाढणारे झुडूप. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्यावर तांबडी, नळीसारखी फुले येतात. वाळविलेली ही फुले आसवात पडली की चार-सहा दिवसांत मडके 'बोलू' लागते. फुलांतील मधुरसावर वाढणारे किण्व फुलांबरोबरच मडक्यात जाते, असे आधुनिक तपासण्यांतून दिसून आले आहे. घरातल्या बायकांना किण्वाचे नाव ठाऊक नव्हते. मडक्याला कान लावून सळसळ ऐकणे त्यांना ठाऊक होते. सळसळ थांबली, वर तरंगणारी चूर्णे तळाशी बसली, तोंडाशी धरलेली जळती काडी विझेनाशी झाली, की संधान पुरे झाले. काडी विझते ती आंबण्यातून निघणाऱ्या कर्बवायूमुळे. धान्याच्या राशीत मडके पुरण्यालाही कारण आहे : दिवसरात्रीच्या तापमानातील फरक आत पोचत नाही, आणि विदर्भाच्या कोरड्या थंडीत तो फरक बराच मोठा असतो.

येथे पाश्चात्त्य टिंक्चर आणि आपले आसव यांतील मूलभूत फरक लक्षात घ्यावा. टिंक्चरमध्ये मद्यार्क बाहेरून, तयार आणलेला असतो. वनस्पतीच्या एका भागाला पाच किंवा दहा भाग असे प्रमाण ठरवून ती त्यात मुरविली जाते. मद्यार्क पाण्यात न उतरणारे पुष्कळ घटक ओढून घेतो आणि औषध टिकवितो. आसवात हाच मद्यार्क औषधीच्या सान्निध्यात हळूहळू जन्म घेतो. त्याचे प्रमाण सामान्यतः पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास राहते. टिंक्चर करणाऱ्याला मद्यार्क विकत आणावा लागतो, म्हणजे त्याला भट्टीची, परवान्याची आणि बाजाराची गरज लागते. आसव करणारीला गूळ, फूल आणि मडके पुरे. पुढला सगळा संघर्ष या फरकातून निघाला.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा झाला. मध्यप्रांतात मद्य हा सरकारच्या उत्पन्नाचा मोठा मार्ग होता आणि येथील मद्य मुख्यतः मोहाच्या फुलांचे होते. १८८१ चा अबकारी कायदा आणि त्यानंतर १९१५ चा मध्यप्रांताचा स्वतंत्र अबकारी कायदा यांनी मद्य गाळण्याचा हक्क परवान्याने बांधला. घरच्या मडक्यावर पहिली नजर पडली ती या काळात, आणि ती नीतीची नव्हती, महसुलाची होती. हा क्रम विसरता कामा नये. आपल्याकडे दारूबंदीवाले आणि त्यांचे विरोधक दोघेही असे समजतात की घरगुती मद्यावर बंधन आले ते गांधीयुगात. वास्तविक, माणसाने प्यावे पण सरकारी ठेकेदाराकडून घेऊन प्यावे, ही वसाहतीच्या सरकारची भूमिका गांधींच्या आधी किमान अर्धशतक अमलात होती.

त्याच सुमारास शहरांत स्वदेशी औषधनिर्मिती उभी राहत होती. प्रफुल्लचंद्र राय यांनी कलकत्त्यात बेंगाल केमिकलची उभारणी करताना विलायती टिंक्चरांच्या जोडीला अडुळसा, काळमेघ, ओवा यांसारख्या देशी द्रव्यांची आधुनिक पद्धतीने बनविलेली औषधे बाजारात आणली. बडोद्यास १९०७ साली अलेंबिक निघाली. अलेंबिक हे नावच ऊर्ध्वपातनाच्या भांड्याचे आहे. साताऱ्याच्या कारखान्याने 'आयुर्वेदीय अर्कशाळा' असे नाव धारण केले. या सर्वांनी देशी औषधांना प्रतिष्ठा दिली यात शंका नाही. पण त्याच वेळी औषध हे घरात करायची वस्तू न राहता बाटलीत भरून, चिठ्ठी लावून येणारी वस्तू झाले. कणगीतल्या मडक्याला अबकारी खात्याने जितका धक्का दिला नसेल तितका स्वच्छ, सुबक, खात्रीच्या बाटलीने दिला.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. गडकरी १९१९ साली नागपूरजवळच्या सावनेर येथे वारले आणि नाटक रंगभूमीवर आले ते त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी. या नाटकावर मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे त्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. सुधाकराच्या आयुष्यात मद्य येते ते चैन म्हणून नव्हे. अपमानाने पोळलेल्या मनावरचा उतारा म्हणून तळीराम त्याच्यापुढे ते करतो. म्हणजे ते औषध म्हणूनच येते. शीर्षकातील 'एकच' हे तर मात्रेचे विशेषण आहे. वैद्याने 'एकच चमचा' म्हणावे तसे. नाटकाची शोकात्मता या मात्रेच्या मोडण्यात आहे. चरकाने जो विश्वास मात्रेवर टाकला होता तो गडकऱ्यांनी काढून घेतला, असेही म्हणता येईल. मात्रा सांभाळणारा मनुष्यच मद्याने मोडतो, मग मात्रा सांभाळायची कोणी? आमच्या आजोळच्या फडताळाने याचे दिलेले उत्तर असे : ज्याने घ्यायचे त्याने नव्हे. किल्ली दुसऱ्याच्या कमरेला हवी.

यानंतर इतिहासाचे केंद्र प्रत्यक्ष वर्ध्याकडे सरकते. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्यास झाली, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते आणि मगनवाडी त्याचे ठिकाण. गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला राहावयास गेले. पुढे १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. ग्रामोद्योग संघाने घाणीचे तेल, हातसडीचे तांदूळ, हातकागद यांच्याबरोबर गूळ आणि मधमाशीपालन या दोन उद्योगांना मोठे स्थान दिले. गूळ आणि मध! शार्ङ्गधराच्या नियमातील दोन्ही मुख्य द्रव्ये मगनवाडीच्या अंगणात होती. परंतु त्या अंगणातली विचारांची दिशा संधानाकडे जाणारी नव्हती, उलट संधान टाळण्याची होती. शिंदी-ताडाच्या नीरेचे उदाहरण पाहावे. पहाटे उतरविलेली नीरा गोड असते. ऊन चढले की ती आपोआप आंबते आणि ताडी होते. गांधींचा आग्रह होता की नीरा ताजीच प्यावी किंवा तिचा गूळ करावा. आजी मडके महिनाभर झाकून जी क्रिया घडवून आणी, तीच क्रिया घडू नये यासाठी येथे झाड ते कढई अशी घाई केली जाई.

औषधाविषयीची गांधींची भूमिकाही याच्याशी सुसंगत होती. चंपारणात त्यांच्या कार्यकर्त्यांनी एरंडेल, क्विनीन आणि गंधकाचे मलम एवढ्या तीनच औषधांवर काम चालविले होते. वैद्यांच्या जाहिरातबाजीवर आणि पूर्ववैभवावर जगण्याच्या वृत्तीवर त्यांनी कठोर टीका केली होती. १९४२ च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्यांनी गुजरातीत आरोग्याविषयी जे पुस्तक लिहिले, ज्याचा हिंदी व इंग्रजी अनुवाद सुशीला नय्यर यांनी केला, त्यात वनस्पतींची औषधे नाहीतच. माती, पाणी, आकाश, सूर्यप्रकाश, हवा हेच त्यांचे औषधालय. मादक पदार्थांचे प्रकरण मात्र आहे, आणि मद्य मर्यादेत घेतल्यास गुणकारी आहे हा युक्तिवाद त्यांनी तेथे स्पष्टपणे नाकारला आहे.

वर्धा आणि दारूबंदी यांचे नाते आणखी एका मार्गाने जुळले, आणि शिक्षकवाचकांना ते विशेष जवळचे वाटेल. १९३७ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यास झाली आणि प्रांतिक मंत्रिमंडळांनी तीन वर्षांत दारूबंदी करावी असा ठराव तेथे झाला. अडचण अशी होती की शिक्षणाचा खर्च मोठ्या प्रमाणात अबकारीच्या उत्पन्नावर चालत असे. मुलांना शिकवायचे तर बापांनी प्यायला हवे, हा पेच गांधींना असह्य वाटला. शिक्षणाने उद्योगातून आपला खर्च आपण काढावा, या कल्पनेला या पेचाने धार आली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्याची शिक्षणपरिषद भरली. नई तालीमच्या जन्मकथेत मद्याचा हा धागा आहे. तो आपण अध्यापनशास्त्राच्या वर्गात क्वचितच सांगतो.

मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा १९३८ साली झाला. मुंबई राज्याचा अधिक व्यापक कायदा १९४९ चा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली मुंबईचा कायदा येथेही लागू झाला. या कायद्याने मद्याची व्याख्या अतिशय विस्तृत केली होती : मद्यार्क असलेला कोणताही द्रव. या व्याख्येत टिंक्चर आले, आसव आले, अरिष्ट आले, अंगाला लावायचे सुगंधी पाणीही आले. मुंबईचे एक नागरिक फ. न. बलसारा यांनी याविरुद्ध दाद मागितली आणि २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अशी विस्तृत व्याख्या करण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने जवळ बाळगण्यास, विकण्यास व वापरण्यास मनाई करणे हे मालमत्तेच्या हक्कावरील अवाजवी बंधन आहे, असे ठरवून कायद्याचा तेवढा भाग रद्द केला. त्यानंतर १९५२ च्या दुरुस्तीने 'मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य' अशा औषधी द्रव्यांना कायद्यातून सूट मिळाली.

'पेय म्हणून अयोग्य' या शब्दांवर थोडे थांबावे लागते. चरकाने विचारले होते : किती घेतले, केव्हा घेतले, कोणी घेतले? कायद्याने विचारले : हे कोणाला प्यावेसे वाटेल का? आता सीमा वस्तूच्या चवीत गेली. कडू, तुरट, किळसवाणे ते औषध. गोड आणि प्यावेसे वाटणारे ते संशयास्पद. १९५५ च्या औषधी व प्रसाधन द्रव्यांवरील अबकारी कायद्यानेही स्वयंनिर्मित मद्यार्काची आयुर्वेदीय औषधे अशीच दोन भागांत विभागली : नेहमीच्या मद्यासारखी पिता येतील ती आणि पिता येणार नाहीत ती, पहिल्या वर्गावर शुल्क, दुसऱ्यावर नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर हे शुल्क त्यात विलीन झाले. १९५५ मध्येच आणखी एक केंद्रीय कायदा झाला, तो मद्यार्कयुक्त द्रव्यांच्या आंतरराज्य व्यापारावर नियंत्रण ठेवण्यासाठी. कारण उघड होते. बंदी असलेल्या भागांत टिंक्चरांच्या बाटल्या औषधाच्या नावाने येत आणि मद्य म्हणून रिचविल्या जात. आल्याचे टिंक्चर पचनासाठी किती खपत होते, हे न बोललेलेच बरे. दवादारू हा जोडशब्द येथे शब्दशः खरा झाला.

या सगळ्या कायद्यांत कणगीतले मडके कोठे बसते? १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधांचे उत्पादन औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आले. विक्रीसाठी औषध करणाऱ्याला परवाना हवा, मात्र स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्याला त्यातून सूट. कारखान्याची जागा ठरली, वैद्याची जागा ठरली. घरातल्या बाईची जागा कोणत्याच कलमात नाही. ती ना उत्पादक, ना वैद्य. तिने बाळंतिणीला दिलेले दोन चमचे ही ना विक्री, ना चिकित्सा. तिच्या विद्येला कायद्याने मनाई केली असे नव्हे. कायद्याला ती दिसलीच नाही. आम्हांला हे अधिक गंभीर वाटते. ज्याला मनाई होते त्याची निदान नोंद राहते.

आजच्या वर्धा जिल्ह्यात आंबण्याची नोंद राहते ती एकाच ठिकाणी, पोलिसी कारवायांच्या बातम्यांत. 'इतका लिटर मोहा सडवा नष्ट' ही ओळ स्थानिक वर्तमानपत्रांच्या वाचकांना पाठ झाली आहे. सडवा म्हणजे भट्टीवर चढविण्यापूर्वी पिंपात आंबत ठेवलेली मोहफुले किंवा गूळपाणी. हे संधानच आहे. द्रव, गोडवा, किण्व, काळोख आणि दिवस : घटक तेच. एका क्रियेला शास्त्राने सांधण्याचा शब्द दिला आणि रस्त्याने सडण्याचा. हे केवळ सोवळ्या-ओवळ्याचे राजकारण आहे, असे म्हणण्याचा मोह आम्हांलाही झाला. संस्कृत नावाच्या आसवाला प्रतिष्ठा आणि आदिवासी-बहुजनांच्या मोहाला पोलीस, या टीकेत तथ्य आहेच. मोहाचे फूल हे पुष्कळ घरांत अन्न आहे, औषध आहे, देवाचा नैवेद्य आहे. त्याला केवळ गुन्ह्याचा कच्चा माल समजणे अन्यायाचे आहे.

पण या टीकेवर थांबले तर आजीच्या शिव्यांचा अर्थ लागत नाही. गावोगावच्या बायका भट्ट्या फोडायला जातात तेव्हा त्या संस्कृत शब्दाच्या बाजूने उभ्या नसतात. गडचिरोलीत १९९३ साली, शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी झाली ती बायकांच्या रेट्याने. चंद्रपूरची बंदी २०२१ साली उठविली गेली तेव्हा त्यांच्यातल्या अनेकींनी विरोध केला. बंदी अमलात येत नाही, चोरटी दारू महाग आणि घातक होते, हे आक्षेपही खरे आहेत. तरीही मडके पुरणारी बाई आणि पिंप उलथणारी बाई एकाच घरातली असू शकते, हे या इतिहासाने आम्हांला दाखविले. तिला आंबण्याचे वावडे नाही. किल्ली कोणाच्या हातात आहे, याविषयी तिचे म्हणणे आहे.

घरगुती आसवांचे पुनरुज्जीवन व्हावे, असा आमचा आग्रह नाही. मडक्यात काय वाढले हे कान लावून पूर्ण कळत नाही. मद्यार्काचा अंश गर्भवतीला आणि लहान मुलांना देऊ नये, हे आजचे वैद्यकज्ञान आहे, आणि आजीच्या काळी बाळंतिणीला जे निःशंकपणे दिले जाई ते आज तसे देता येणार नाही. सेवाग्रामच्या परिसरात १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. दवाखाना जवळ असताना कणगीकडे धावण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे नोंदीपुरते आहे. साहित्याचे विद्यार्थी लोकगीते गोळा करतात, ओव्या गोळा करतात. त्याच म्हाताऱ्या बायकांना धायटी कोणत्या टेकडीवरून आणत, गूळ किती घालत, काडी केव्हा धरत, आणि बाटली कोणाला देत नसत, हे कोणी विचारलेले नाही. कृती कदाचित ग्रंथांत सापडेल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत नाही.

आमच्या आजोळचे ते फडताळ आता तेथे नाही. घर वाटणीत गेले, कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली आणि आसवाची जागा नागपूरहून येणाऱ्या तयार बाटल्यांनी घेतली. आजी गेल्यावर किल्ल्यांचा जुडगा सापडला. त्यातली कोणती किल्ली फडताळाची होती हे सांगता येणारे घरात कोणी नव्हते.